कळस न दिसणारी खोली

नाशिकरोडहून

गाडीत बसताना लोक खिडकीची जागा मागतात. मी गेली काही वर्षं डब्याच्या टोकाची मागते, कारण संडास तिथे असतो. तिकीट काढून देणारा मुलगा दर वेळी सांगतो की तिथे वास येतो, मधली जागा घ्या. वासाचं माझं मी बघते, असं मी त्याला ऐकवते. हे असं उघड लिहायची हिंमत यायला मला शेगावला जाऊन यावं लागलं. त्या जाण्याची ही हकिगत.

माझं माहेर भुसावळचं. वडील स्टेशनवर हमाली करायचे. लग्न होऊन नाशिकला आले, आणि नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेतली. जुने कपडे द्या, भांडं घ्या. लोक बोहारीण म्हणायचे, मला त्याचं वाईट वाटलं नाही. कॉलन्यांतून दिवसभर फिरताना एखादी बाई जिन्यात पाणी द्यायची, पण आपला संडास कोणी वापरू देत नसे. म्हणून मी पाणी पिणंच सोडलं आणि लघवी धरून ठेवायची सवय लावून घेतली. डोक्यावर ओझं, ओटीपोटात कळ, आणि समोर कोणी तरी एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करतंय. अशा वेळीही मी भाव सोडला नाही. त्या पाटीची हातगाडी झाली आणि हातगाडीचं दुकान झालं. आज ते मुलगा बघतो.

पन्नाशी उलटल्यावर शिंक आली, हसू आलं, जड डबा उचलला की साडी ओली होऊ लागली. घराची किल्ली कुलपात घालेपर्यंतही दम निघेना. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, या वयात हे चालायचंच. मी त्यांच्याशी भांडून आले. पण राग त्यांच्यावर नव्हता. माझा राग होता माझ्या धाकट्या बहिणीवर, शकूवर.

शकूला वडनेर भोलजीला दिली आहे, नांदुरा तालुक्यात. तिच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न तिथेच झालं. लग्नाच्या दुपारी मांडवात मला शिंकांवर शिंका आल्या आणि साडी भिजली. शकूच्या ते लक्षात आलं. रात्री हॉलमध्ये बायकांच्या गाद्या ओळीने घातल्या होत्या. शकू माझ्या गादीशी आली, चादर उचलली आणि खाली मेणकापड अंथरलं. तान्ह्या मुलाखाली घालतात ते, पिवळं, बदकांच्या चित्रांचं. माझी नणंद बघत होती, शकूच्या जावा बघत होत्या. कोणी तरी हसलं. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघून आले. त्यानंतर तिच्याशी बोलले नाही. तिचा फोन आला की सुनेच्या हातात द्यायचे.

वैशाली सासरी शेगावला आहे. तिला स्वतःला बाळंतपणानंतर हाच त्रास झाला. अकोल्याच्या एका फिजिओथेरपिस्टकडे ती काही महिने गेली, योगाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता बायकांसाठी खास याच दुखण्याचा वर्ग घेते. तिने मला बोलावलं. मी आधी एवढंच विचारलं की हे तुझ्या आईनं सांगितलं का. ती म्हणाली, आईचा काय संबंध. मी म्हटलं, मग येते, पण वडनेरला पाऊल ठेवणार नाही.

रिकाम्या हाताने मी कोणाकडे जात नाही. दुकानातून झाकणाच्या डब्यांचा एक जोड घेतला आणि निघाले.

शेगाव

भुसावळ मागे पडलं की जमीन सपाट आणि काळी होत जाते. हिवाळ्यात ती जास्तच काळी दिसते. मध्ये मध्ये कापसाच्या पराट्या उभ्या होत्या, बोंडांत राहिलेला कापूस चिंध्यांसारखा लोंबत होता. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सोबत चालते. आमच्याकडे कुठेही उभं राहा, एखादा डोंगर अंगावर येतो. इथे नजरेला अडायला काही नाही. मला आधी काय सुचलं असेल तर हे की या रानात बाईमाणसाने आडोशाला जायचं कुठे.

वैशालीने घरी राहायचा आग्रह केला होता. पण तिच्या घरी सासू-सासरे, दीर, आणि संडास एक. मी लॉज बरा म्हटलं. मॅनेजरने मला थेट दुसऱ्या मजल्यावर नेलं, खिडकी उघडली आणि बाजूला झाला.

“पाहा, कळस दिसते इथून. लोकं भांडतात या खोलीसाठी.”

“कळस मी मंदिरात जाऊन बघेन,” मी म्हटलं. “संडास कुठे आहे?”

तो जिन्याच्या टोकाला होता. मी नको म्हटलं. मग त्याने मला एकेक करून तीन खोल्या दाखवल्या, आणि मी प्रत्येक खोलीच्या दारापासून संडासाच्या दारापर्यंत चालून पाहिलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला की खाली एक खोली आहे, पण ती कोणी घेत नाही, भिंतीला लागूनच संडास आहे. तीच मला हवी होती. मी घासाघीस करतेय असं समजून त्याने भाडंही आपणहून उतरवलं. मी लगेच किल्ली घेतली.

पहिल्या संध्याकाळी मी चूक केली. शेगावला आल्यावर कचोरी न खाता राहायचं कसं? पातळ पारीची, आत तिखट डाळीचं सारण, वर तळलेली मिरची. नाशिकची मिसळ आधी डोळ्यांतून पाणी काढते आणि मग सोडून देते. ही कचोरी सावकाश पेटते. तिच्यावर दोन कप चहा घेतला. रात्रभर खोली आणि संडास यांच्यात माझ्या फेऱ्या चालू होत्या. सकाळी वैशालीला सांगितलं तर ती हसत सुटली. तिखट आणि चहा, दोन्ही मूत्राशयाला चिडवतात, ती म्हणाली, आणि थंडी वेगळीच. मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं?

इथलं पाणीही मला जड गेलं. या पूर्णा नदीच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट लागतं, लोक प्यायला जारचं पाणी घेतात. माझ्यासारख्या न पिणारीला निमित्तच मिळालं. वैशालीने ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी जारमधून भरलेली बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, दिवसभरात घोट घोट करून ही संपवायची. कमी प्यायलं की लघवी तीव्र होते, मूत्राशय आणखी चिडतं, आणि आणखी घाई होते. मी ज्याला आजवर उपाय समजत होते तेच दुखण्याला खतपाणी घालत होतं.

वर्ग

वर्ग भरतो वैशालीच्या सासऱ्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत. जिना चढताना युरियाचा वास येतो. वेळ दुपारची, जेवणाची भांडी आटोपल्यावरची. जमिनीवर सतरंज्या, भिंतीला टेकवलेल्या उशा, आणि दार आतून बंद.

पहिल्या दिवशी वैशालीने आसनं घेतलीच नाहीत. प्रत्येकीने आपला त्रास तोंडाने सांगायचा, एवढंच. मग सुमनबाई बोलल्या. त्या देऊळघाटच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी इथे आलेल्या.

“कापूस वेचाले गेली का दिवसभर पाणीच पेत नाही मी. बाया-माणसाले वावरात जागा कुठं हाय? बांधावर माणसं उभे राह्यतात. धरून धरून आता धरल्याच जात नाही.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मी शहरात, त्या रानात, आणि दोघींनी तेच केलं होतं.

त्यांच्या शेजारी रशीदा आपा होत्या, ब्लाउज शिवणाऱ्या. त्या म्हणाल्या की खोकला आला की त्यांची मशीन बंद पडते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं वीज गेली. यावर सगळ्या हसल्या. हसल्या आणि पाठोपाठ तिघी-चौघी उठून खाली धावल्या. त्या परत आल्यावर पुन्हा हसू. माझ्या वयाच्या बायकांना या गोष्टीवर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या हॉलमधलं हसू आणि हे हसू यांत फरक होता, पण मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

एकीने लघवीला जळजळ होते असं सांगितलं. वैशालीने तिला सतरंजीवर बसूच दिलं नाही. आधी डॉक्टर, मग योग. जळजळ, रक्त, खाली काही उतरल्यासारखं वाटणं, यांतलं काही असेल तर तपासणी करूनच माझ्याकडे यायचं, असं ती दर वर्गाला सांगते.

मग खरं काम सुरू झालं. योगाचे वर्ग मी नाशिकलाही पाहिलेत. तिथला शिक्षक मूलबंध म्हणायचा आणि पुढे सरकायचा. कुठला बंध, कुठे, हे विचारायची बायकांना लाज आणि सांगायची त्याला. आम्ही सगळ्या पोट आत ओढून बसायचो. वैशालीने सरळ शब्दांत सांगितलं. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जिथे आवळतो, आणि लघवी थांबवताना जिथे आवळतो, तो सगळा भाग खालून वर उचलायचा. पोट, मांड्या, नितंब मोकळे. श्वास सोडताना उचल, घेताना सोड.

“विहिरीतून पोहरा काढता ना, तसं,” ती म्हणाली. “वर हळू आणायचा. आणि खाली सोडतानाही दोर हातातच ठेवायचा, एकदम टाकून द्यायचा नाही.”

लघवी करताना मात्र हा प्रयोग रोज करू नका, असंही तिने बजावलं. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

उताणं झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांत उशी धरून आम्ही सेतुबंध केलं. कंबर वर जाते तेव्हा श्वास सोडत उचलायचं. मग गुडघ्यांवर आणि हातांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली. मग टाचांवर बसून कपाळ जमिनीला. तेव्हा रशीदा आपा म्हणाल्या की नमाजातल्या सजद्यात तर आपण रोज असेच असतो, पण श्वासाकडे कधी ध्यान दिलं नव्हतं. शेवटी भिंतीला पाय लावून पडून राहायचं, काही न करता. सुमनबाईंना ते सगळ्यांत आवडलं. दिवसाढवळ्या पाय वर करून पडायला कोणी सांगितलं, असं जन्मात झालं नव्हतं म्हणाल्या.

मला मात्र जमेना. मी जोर लावायचे आणि सगळं वर जायच्या ऐवजी खाली ढकललं जायचं. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मी चिडले. म्हटलं, मी आयुष्यभर आवळूनच धरलंय, आता आणखी काय आवळू?

वैशाली माझ्या उशाशी बसली. “मावशी, दात सोड आधी.”

मी दात आवळून पडले होते, ते मला कळलंही नव्हतं. खांदे वर, मुठी बंद.

“तुझं आवळलेलंच आहे,” ती म्हणाली. “मिटलेली मूठ आणखी किती मिटणार? आधी उघड. तू आज फक्त सोडायचं.”

त्या दिवशी बाकीच्या उचलत होत्या आणि मी नुसती पडून श्वास खाली पोटात जाऊ देत होते. मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना, रस्ता ओलांडताना, टीव्ही बघतानाही माझे दात आवळलेले असतात हे त्यानंतर माझ्या ध्यानात येऊ लागलं. त्या रडण्याच्या दुसऱ्या दिवशी पोहरा पहिल्यांदा हलला. जरासाच, पण वर.

मी परत येऊन काही महिने झालेत म्हणून सांगते: आठवड्यात काही बरं होत नाही. रोज करावं लागतं, आणि बरेच आठवडे फरक पडतोय की नाही हेच कळत नाही. आता शिंक आली तर बहुतेक वेळा निभावते. बहुतेक वेळा. खिडकीची जागा मी अजून मागत नाही.

रांग

दर्शनाला जायचं मी टाळत होते. रांगेत उभं राहणं म्हणजे अडकणं. पण वैशालीने घाईची उबळ आली की काय करायचं ते शिकवलं होतं: धावायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं, श्वास सोडायचा, खालून तीन-चार वेळा हलकेच उचलायचं, आणि लाट ओसरायची वाट बघायची. लाट ओसरते, तिने सांगितलं होतं.

मी रांगेत शिरले. पहिली लाट आली आणि खरोखरच गेली. मला इतका आनंद झाला की पुढच्या बाईला सांगावंसं वाटलं. दुसरी लाट मोठी होती. मी सेवेकऱ्याला खुणेने विचारलं, त्याने वाट दाखवली, आणि परत आल्यावर काही न विचारता त्याच जागी उभं केलं. आमच्याकडे रांग सोडली की जागा गेली, वर चार शब्द ऐकायचे. समाधीपुढे उभी राहिले तेव्हा मागायचं काही आठवेना. इथवर उभी राहिले एवढंच मनात आलं.

वडनेर भोलजी

डब्यांचा जोड मी पहिल्याच दिवशी वैशालीला दिला होता. निघायला दोन दिवस राहिले तेव्हा तिने त्यातला एक डबा परत माझ्यासमोर ठेवला. हा आईचा, तू नेऊन दे.

मी म्हटलं, तीच येऊ दे की. तिची लेक इथे, तिला काय अडचण?

“आई सकाळी येते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते,” वैशाली म्हणाली. “लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही म्हणते. माझ्या बाळंतपणातही एक रात्र राहिली नाही. जुनी रीत.”

मला ते खटकलं. आमची आई माझ्याकडे नाशिकला महिना महिना राहायची, शकूकडेही राहायची. लेकीचं अन्न वर्ज्य, मुक्काम वर्ज्य, असलं काही आमच्या घरात कोणी पाळलं नाही. शकूने ही रीत कुठून काढली? मिजास वाढली, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. तरी डबा पिशवीत घातला. ठरवलं की फाटकातूनच हातात द्यायचा आणि त्याच गाडीने मागे फिरायचं.

शेगावहून नांदुरा, आणि नांदुऱ्याहून काळी-पिवळी जीप. जीपमध्ये माणसं, कोथिंबिरीच्या जुड्या आणि एक शेळी. वैशालीच्या शिस्तीप्रमाणे मी सकाळपासून घोट घोट पाणी पीत आले होते. हमरस्ता एका ठिकाणी खोदलेला होता आणि गाड्या शेताच्या कडेने वळवल्या होत्या. जीप एकेका खड्ड्यात उतरायची आणि माझं सगळं शिकलेलं हलवून टाकायची. श्वास सोडला, उचललं, दात मोकळे ठेवले. एक लाट गेली, दुसरी गेली. वडनेरच्या फाट्यावर उतरले तेव्हा तिसरी आली होती, आणि फाटकातून मागे फिरायचा बेत तिथेच संपला.

शकू ओट्यावर तुरीचे सोले काढत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने मान वर करून पाहिलं. मला वाटलं आता रडेल, नाही तर टोमणा मारेल. तिने फक्त माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

मी पिशवी टाकून धावले.

परत येताना मागच्या अंगणात दोरीवर ते दिसलं. पिवळं मेणकापड, बदकांचं. धुऊन वाळत घातलेलं. पहिला विचार रागाचाच आला, की ही वस्तू हिने अजून जपून ठेवली आहे. मग सवयीने हात गेला. जुनं कापड हातात घेतलं की त्या घरात ते कसं वापरलं गेलं ते मला कळतं. त्यावरच मी पोट भरलं. पाहुण्यांसाठी ठेवलेली वस्तू घड्यांवर चिरते आणि मधे नवी राहते. हे मधेच पातळ झालं होतं. एका बाजूची बदकं पुसून गेली होती, आणि ती झीज एका माणसाच्या अंगाएवढी होती. वर्षानुवर्षं एकच माणूस त्यावर एकाच कुशीवर झोपत होतं. शकू लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपते. त्या रात्री मी हे मेणकापड डोळ्यांनी पाहिलं होतं, हाताने पाहिलं नव्हतं.

मी ते दोरीवरून काढून ओट्यावर आणलं.

“हे कधीपासून?”

“तुले काय करायचं?” ती सोले काढत राहिली.

“शके, हे पाहुण्यांचं नाही.”

तिने हातातली शेंग फोडली, सोले बाजूला टाकले. मग ती म्हणाली, “वैशू झाली तवापासून. हे तिसरं का चौथं असन.”

“आणि लग्नात?”

“एकच होतं घरात. तुझी साडी पाह्यली मी मांडवात. तुले इचारलं असतं तं तू घेतलं असतं का? म्हणून मीच अंथरलं.”

“सगळ्या बायांसमोर.”

“मंग कुठं अंथरू? तुले काय येगळी खोली होती का? मी सामानाच्या खोलीत पोत्यावर निजली त्या राती. म्हटलं सकाळी सांगू ताईले. सकाळी तू हायेच कुठं?”

“दुसऱ्या दिवशी सांगायचं.”

“कोणाले? सुनेले?”

ते खरं होतं, आणि खरं ऐकलं की मला आणखी राग येतो. मी तिला विचारलं की पोटची पोर गावभरच्या बायकांना हेच शिकवते, तिला का नाही सांगितलं. शकू म्हणाली की मायने लेकीला असलं सांगायचं असतं का. सासरचे लोक आहेत, त्यांची अंथरुणं आहेत, रात्री काही झालं म्हणजे? म्हणून ती मुक्काम करत नाही. नातवाच्या जन्मालाही केला नाही. रीत वगैरे काही नव्हती.

“मीच म्हटलं वैशूले, मावशीले बोलाव,” ती म्हणाली. “म्हटलं तिचं तरी बरं होईन. आन ताई शिकून आली का मले सांगन. बोलत असली तं.”

मी ओट्यावर बसले. माझा राग त्या क्षणी गेला असं लिहिलं तर खोटं होईल. ते हसू मला अजून ऐकू येतं, आणि चारचौघींत चादर उचलायच्या आधी तिने माझ्या कानाशी यायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पण एकच मेणकापड असलेल्या बाईने ते कोणाला दिलं, हेही मला आता माहीत होतं.

मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. मेणकापडाची घडी करून माझ्या मांडीवर घेतली. म्हटलं, जुन्यावर नवं.

शकूने डबा उचलला, बोटाच्या पेराने वाजवला. “पत्रा पातळ हाय.”

“पातळ तुझं मेणकापड आहे. मधून उजेड दिसतो.”

“झाकण घट्ट बसते का?”

“बसतं.”

“पाणी सांडत नाही ना?”

“डब्यातून नाही सांडत,” मी म्हटलं, आणि तिला हसू फुटलं, आणि मग तीही मागच्या दाराकडे पळाली.

ती परत आल्यावर मी सौद्याचं उरलेलं अर्धं सांगितलं. मेणकापड आता माझं. म्हणजे आज रात्री तिला इथे झोपता येणार नाही. म्हणजे तिने माझ्याबरोबर शेगावला यायचं, लेकीकडे नको, माझ्या लॉजवर, आणि वर्गाला बसायचं. ती नाही म्हणाली. मग फक्त दर्शनाला येते म्हणाली. मग लेकीसमोर सतरंजीवर बसणार नाही म्हणाली. मी एकेका गोष्टीला तिला पुढे ओढत गेले. आयुष्यात मी पातेल्यासाठी जितकं बोलले नसेन तितकं त्या सकाळी बोलले. शेवटी तिने सोल्यांची आमटी केली, ज्वारीची भाकरी वाढली, मेहुण्यांसाठी शेजारणीकडे निरोप ठेवला की ताईसंग शेगावले गेली, आणि डब्यात भाकऱ्या बांधून घेतल्या. म्हणजे सौदा पटला.

पुन्हा शेगाव

वर्गाला आम्ही उशिरा पोहोचलो. दार उघडायला वैशाली आली. तिने आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शेजारी आणखी एक सतरंजी घातली आणि पुढे जाऊन शिकवू लागली. पोहरा हळू वर आणा. फक्त भिंतीला पाय लावायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यांचे खांदे दाबत फिरली आणि आईच्या उशाशी आल्यावर तिथून पुढे गेली नाही. शकूने डोळे मिटून घेतले होते. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वर छताकडे पाहिलं.

दिवेलागणीला लॉजवर आलो. मॅनेजरने दोघींना पाहून पुन्हा विचारलं की आता तरी वरची देऊ का, कळसाची. मी नको म्हटलं. शकूने खोलीत शिरताच संडासाचं दार कुठे आहे ते पाहिलं आणि बरी खोली मिळवली म्हणाली. भाकरी-ठेचा खाल्ला. मग मी पिशवीतून मेणकापड काढलं आणि तिच्या खाटेशी गेले.

ती खाटेवर बसूनच राहिली. “वस्तू तं तुझी झाली ना?”

“माझी आहे,” मी म्हटलं. “म्हणून कुठे अंथरायची ते मी ठरवणार. ऊठ.”

शकू उठली. मी चादर उचलली.